नव्वदीतल्या आजी-आजोबांशी वंश, जनुकं आणि मूल यांवर बोलताना: कोकणातल्या कार्यकर्त्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत अतिवृद्ध माणसांशी आरोग्याविषयी बोलणाऱ्या आशाताई, परिचारिका, समुपदेशक, महाविद्यालयीन गट आणि ग्रंथालयांचे कार्यकर्ते यांच्यासाठी हे पान आहे.

इतक्या म्हाताऱ्या माणसांना या विषयात कशाला ओढायचं? त्यांना आता मुलं थोडीच व्हायची आहेत?

त्यांना होणार नाहीत, पण नातवाची सोयरीक ठरताना, सुनेच्या तिसऱ्या गर्भपातानंतर किंवा "डॉक्टर म्हणतात बाळात दोष आहे" असा फोन मुंबईहून आला की ओटीवर शेवटचा शब्द बऱ्याचदा त्यांचाच असतो. शिवाय घराण्यात कोण लहानपणी गेलं, कोणाला ऐकू येत नव्हतं, कोणाचं अंग चाळिशीनंतर थरथरायला लागलं, हे फक्त त्यांनाच माहीत असतं. कुठल्याही इस्पितळाच्या फायलीत ते सापडणार नाही.

आणखी एक कारण. कोणाशी लग्न करायचं, कोणाशी नाही, कोणाचं मूल कोणी वाढवायचं, किती मुलं पुरे, हे निर्णय या पिढीने आयुष्यभर घेतले आहेत. आनुवंशिकतेतलं नीतिशास्त्र त्यांनी वेगळ्या नावाने जगलेलं आहे. म्हणून त्यांना शिकवायला जाऊ नका. त्यांचे नियम विचारायला जा.

"अतिवृद्ध" म्हणजे नेमके कोण?

या पानापुरतं, ८० च्या पुढचे. पण वयापेक्षा दृष्टी, कान, सांधे आणि दिवसभराची औषधं जास्त महत्त्वाची. ९१ व्या वर्षी परसातली भाजी काढणारी आजी आणि ७८ व्या वर्षी अंथरुणाला खिळलेले आजोबा यांना एकाच गटात बसवू नका.

सुरुवात कुठून करायची? जनुक म्हणजे काय, ते आधी समजावून सांगायचं का?

नको. सोयरिकीपासून सुरुवात करा. "तुमच्यात लग्न ठरवताना काय काय बघत?" एवढा एक प्रश्न पुरतो. देवक, गोत्र, कूळ, भावकी, गाव हे सगळं आपोआप निघतं. मग दुसरा प्रश्न: "हे का बघत असतील?" बहुतेक जण "एकच रक्त नको" असंच काहीसं सांगतात. तिथे आनुवंशिकतेचं दार उघडतं आणि ते त्यांनीच उघडलेलं असतं.

यानंतर एक गाठ दाखवता येते. गोत्र आणि कूळ बापाकडून चालतं. त्यामुळे चुलत भावंडांचं लग्न निषिद्ध ठरतं, पण मामाची मुलगी वेगळ्या घरातली म्हणून चालते. जनुकं मात्र आईकडूनही निम्मी येतात. सख्खी आतेमामे भावंडं आणि सख्खी चुलत भावंडं, दोघांतही सरासरी आठवा हिस्सा समान असतो. म्हणजे घराण्याचा नियम अर्धं राखतो आणि अर्धं मोकळं सोडतो. हे ऐकून म्हातारी माणसं गप्प होतात, मग स्वतःच हिशेब मांडू लागतात.

इथे भीती घालू नका. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. सख्ख्या आतेमामे किंवा चुलत भावंडांच्या लग्नात ती साधारण दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे अशा लग्नांतलीही बहुसंख्य मुलं निरोगी असतात. समोर मामाच्या मुलीशी साठ वर्षं संसार केलेले आजोबा बसलेले असू शकतात. कोकणी मुसलमान घरांत चुलत-मावस नात्यातली लग्नंही होतात. तिथे "तुमच्यात असं चालतं" असा सूर लागला की त्या दिवसाचं काम संपलं.

कोणते शब्द वापरायचे?

"जनुक" आणि "गुणसूत्र" हे शाळेतले शब्द आहेत. नव्वदीतल्या बहुतेकांनी ते ऐकलेले नसतात. "घराण्यात चालत आलेलं", "आईकडून आलं, बापाकडून आलं", "उतरलं" हे शब्द आधी वापरा आणि जनुक हा शब्द नंतर एकदा ओळख म्हणून द्या. "वाहक" म्हटलं की त्यांना रोग पसरवणारा माणूस वाटतो. त्याऐवजी "स्वतःला त्रास नाही, पण पुढे देऊ शकतो" असं पूर्ण वाक्य बोला, लांबलं तरी.

"दोष" शब्द जपून वापरा. तो पत्रिकेतल्या दोषाला चिकटतो आणि त्याची शांत करायची चर्चा सुरू होते. "वांझ", "निपुत्रिक" हे शब्द त्यांच्या तोंडून आले तर टोकू नका, पण आपण उच्चारू नका. "बी बापाचं, जमीन आईची" ही म्हणण्याची जुनी रीत मात्र हलक्या हाताने सुधारायला हवी, कारण तिच्यात आईचा वाटा शून्य होतो. "आईचंही बी असतं, निम्मं" एवढं पुरे.

हापूसच्या कलमाचा दाखला चालतो का?

चालतो, आणि फार चांगला चालतो. हापूसचा बाठा पेरला तर हापूसच येईल याची खात्री नसते, हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. बाठ्यात दोन झाडांचं मिश्रण असतं. मूल तसंच. कलम म्हणजे त्याच झाडाची नक्कल. "हुबेहूब प्राणी बनवतात म्हणे" ही पेपरातली बातमी समजावायला हे पुरेसं आहे.

सरोगसीसाठी कोयकलम घ्या. पावसाळ्यात बाठ्याच्या कोवळ्या रोपाला चीर देऊन त्यात हापूसची तासलेली काडी बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. खाली खुंट रायवळचा, वर फळ हापूसचं. पोटात वाढवणारी बाई एक, बीजं दुसऱ्या जोडप्याची. हाताने कलमं बांधलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं.

पण दाखला कुठे मोडतो तेही तुम्हीच सांगा. खुंटाला कोणी विचारत नाही, बाईला विचारावं लागतं. खुंटाला कळा येत नाहीत, पोट चिरावं लागत नाही. गटातल्या एखाद्या आजीच्या तोंडून हे यावं म्हणून थोडं थांबा. "मग त्या खुंटाचं काय?" हा प्रश्न जवळजवळ नेहमी बायकांकडून येतो.

"चारातलं एक" हे कसं समजावायचं? सगळे चुकीचंच समजतात.

सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांत आई आणि बाप दोघेही पुढे देऊ शकणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लोक याचा अर्थ "चार मुलांतलं एक" असा घेतात. मग पहिलं मूल आजारी निघालं की "झालं, आता तिघं चांगली" असा निष्कर्ष काढतात. इथून मोठं नुकसान होतं.

कॅरमच्या सोंगट्या आणा. वाडीच्या मंडळात मिळतात, आकार सारखा असतो आणि आखडलेल्या बोटांना धरता येतात. दोन करवंट्या घ्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक पांढरी आणि एक काळी सोंगटी. डोळे मिटून प्रत्येक करवंटीतून एक काढायची. दोन्ही काळ्या आल्या तर बाळ आजारी, एक काळी आली तर आई-बापासारखं, दोन्ही पांढऱ्या आल्या तर पूर्ण मोकळं. काढलेल्या सोंगट्या परत टाकायच्या, मगच पुढचं बाळ. परत टाकायचं विसरलात तर अख्खा खेळ खोटं शिकवतो. किमान वीस वेळा काढा आणि प्रत्येक निकाल भिंतीवर खडूने मोठा लिहा. लागोपाठ दोनदा काळं-काळं आलं की कोणाला काही सांगावं लागत नाही.

सोंगट्यांऐवजी काळे मणी घेऊ नका. ते मंगळसूत्रातले असतात. आजारासाठी मंगळसूत्राचा मणी वापरलेला कुठल्याही आजीला खपणार नाही. हळद-कुंकू, अक्षता यांचंही तेच.

बैठक किती वेळ, कधी आणि कुठे घ्यावी?

पंचेचाळीस मिनिटं, त्यापुढे नको. पाच-सहा जण पुरेत. दहा झाले की निम्मे ऐकत नाहीत आणि उरलेले एकमेकांच्या तब्येती विचारतात. सकाळी साडेनऊ ते अकरा ही वेळ चांगली: चहा-नाश्ता आणि गोळ्या झालेल्या असतात आणि जेवणाची घाई नसते. दुपारी चारनंतर ज्यांची स्मृती ढासळते आहे ते जास्त गोंधळतात.

रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना सकाळी दोन-तीनदा उठावं लागतं. त्यामुळे शौचालय जवळ आणि पायऱ्यांशिवाय हवं. नसेल तर लोक पाणी पिणं सोडतात, घसा कोरडा पडतो आणि "मला काही बोलायचं नाही" म्हणतात. हा नकार नसतो. मधुमेही असतील तर चहा बिनसाखरेचा आणि सोबत काहीतरी खायला.

ऋतूही बघा. जून-जुलै लावणीचे. शिवाय पत्र्याच्या छपरावर पाऊस पडू लागला की ऐकू येणाऱ्यालाही ऐकू येत नाही. पावसात बैठक घ्यायचीच तर कौलारू घर शोधा. शिमग्यात कोणी सापडत नाही. गणपतीत चाकरमानी आलेले असतात, घर भरलेलं असतं, म्हणून सोयीचं वाटतं. पण तेव्हा म्हातारी माणसं पाहुण्यांसमोर घराची शोभा राखतात आणि खरं बोलत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी उत्तम.

जागा म्हणून पडवी किंवा ओटी. आरोग्य केंद्रात बोलावलंत तर ते रुग्ण होतात. देवळाच्या सभामंडपात बोलावलंत तर काही जातींची आणि धर्मांची माणसं येणार नाहीत आणि का आलो नाही ते सांगणारही नाहीत.

ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी काय करावं?

ओरडू नका. वयामुळे कान जातो तेव्हा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. ओरडलं की आवाज वर चढतो आणि आणखी कमी कळतं. खालच्या पट्टीत, सावकाश, वाक्य तोडून बोला. हातभर अंतरावर, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बसा, पाठीमागे खिडकी नको. "कुठला कान बरा?" हे आधी विचारा. पंखा, टीव्ही, माजघरातला मिक्सर बंद. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी दुसऱ्या शब्दांत सांगा. कागद द्यायचा तर अक्षर किमान २४ पॉइंटचं, काळं, पांढऱ्या न चमकणाऱ्या कागदावर.

भाषेचंही बघा. सिंधुदुर्गातली आजी पुस्तकी मराठीला पुस्तकी उत्तरंच देते. "माका काय इचारतास, झिलाक इचारा" (मला काय विचारता, मुलाला विचारा) असं ती म्हणाली तर मालवणीत बोलणारं कोणीतरी सोबत हवं. ते त्या वाडीचं नसावं आणि घरची सून तर नकोच.

घराण्याची माहिती वंशवेलीत कशी उतरवायची?

तीन पिढ्या पुरतात. कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असेल तर आकृती भरायची, वारलेल्यावर तिरकी रेघ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. दिसत नसेल तर सुपात मांडा: बाई म्हणजे सुपारी, पुरुष म्हणजे चिंचोका. आकार आपोआप जुळतात आणि बोटांनी चाचपून "हा माझा थोरला दीर" असं सांगता येतं. मांडून झालं की फोटो काढण्याआधी परवानगी घ्या.

तीन गोष्टी हमखास सुटतात. वर्षाच्या आत गेलेली मुलं, पडलेले गर्भ, आणि आईकडची माणसं. "किती मुलं?" असं विचारलंत तर जिवंत मुलांचा आकडा मिळतो. "किती वेळा दिवस राहिले?" असं विचारा, आणि मग एकेक करून. माहेरची माहिती विचारायला आजीला वेगळं भेटा. सासरच्या माणसांसमोर ती माहेराबद्दल वाईट काही सांगणार नाही.

वर्षं आठवत नाहीत, घटना आठवतात. रायगड किनाऱ्यावर "रामदास बोट बुडाली तेव्हा" (१७ जुलै १९४७), सगळीकडे "कोयनेचा भूकंप" (११ डिसेंबर १९६७), "बहात्तरचा दुष्काळ", "कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा" (१९९८), चिपळूण-महाडकडे "सव्वीस जुलैचा पूर" (२००५). अशी यादी खिशात ठेवा. "तो दीर भूकंपाच्या आधी गेला की नंतर?" याचं उत्तर अचूक मिळतं.

संमती कशी घ्यायची? बऱ्याच जणांना सही येत नाही.

संशोधनाचं काम असेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी अंगठा आणि तटस्थ साक्षीदार लागतो. साक्षीदार तुमच्या गटाचा नको. गावात शिक्षक किंवा पोस्टमन चालेल. संशोधन नसून नुसत्या गप्पा असल्या तरी काय लिहून ठेवणार आणि कोण वाचणार, हे सांगाच.

अंगठा हा शेवटचा टप्पा. त्याआधी तीन गोष्टी त्यांच्या तोंडून वदवून घ्या: आपण कशाबद्दल बोलणार आहोत, नको वाटलं तर काय करायचं, आणि ही माहिती कोणाला कळणार, कोणाला नाही. "कळलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर नातीने विचारलं तर काय सांगाल?" असं विचारा. पुढच्या भेटीत पुन्हा पहिल्यापासून संमती घ्या. आठवड्यापूर्वीचा होकार आठवत नसेल तर तो आज नाही.

घरचे म्हणतात, "त्यांचं डोकं आता चालत नाही." मग?

आधी कान तपासा. मळाने बंद झालेला कान आणि मोतीबिंदू यांना स्मृतिभ्रंश समजलं जातं. कालपासूनच अचानक असंबद्ध बोलत असतील तर ते लघवीचा संसर्ग, ताप किंवा नव्या गोळीमुळे असू शकतं. बैठक रद्द करा आणि डॉक्टरकडे पाठवा.

खरोखर स्मृतिभ्रंश असला तरी माणूस सगळ्याच बाबतीत असमर्थ ठरत नाही. क्षमता निर्णयागणिक बघायची. रक्ताचा नमुना द्यायचा की नाही हे न कळणारी आजी "मुलगी असली म्हणून काय टाकायची?" हे मत ठामपणे देऊ शकते. मत ऐका, नमुना घेऊ नका.

घरचे मध्ये बोलतात, उत्तरं दुरुस्त करतात.

त्यांना काम द्या. मुलाला वंशवेलीतल्या जन्मसालांचे कागद शोधायला पाठवा, सुनेला निवांत बसू द्या. मात्र आजीचा हात थरथरतो म्हणून चहाचा कप धरायला कोणी लागत असेल तर त्या माणसाला बाहेर काढू नका. ते अपमानास्पद वाटतं. सगळ्यांसमोर बोलायच्या आणि एकटीने बोलायच्या अशा दोन बैठका ठरवणं सोपं पडतं.

देवाला कौल लावून ठरवू, असं म्हणतात. काय बोलावं?

वाद घालू नका. दक्षिण कोकणात गुरवाने गाऱ्हाणं घालून कौल लावणं ही निर्णयाची जुनी आणि जाहीर रीत आहे. त्याऐवजी विचारा: "कोणत्या गोष्टीला कौल लावायचा आणि कोणत्या गोष्टीला नाही, हे कसं ठरतं?" या प्रश्नावर वडीलधाऱ्यांची आपापसात जी चर्चा होते तितकी चांगली नीतिचर्चा वर्गात होत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा, ती म्हणजे आठवडे. बाळातले दोष बघायची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. वार, तिथी, जत्रा बघून पंधरा दिवस गेले तर दारं बंद होतात. आणि संमती लागते ती गरोदर बाईची. ती सज्ञान असेल तर सासऱ्याची सोडाच, नवऱ्याचीही कायद्याने लागत नाही. हे आजोबांना आवडणार नाही, तरी सांगायचं.

"एक तरी मुलगा हवा" यावर बैठक अडते.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका.

पहिली, शरीराची. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं. सुनेला दोष देणाऱ्या आजीला स्वतःलाही तोच दोष कधीतरी ऐकावा लागलेला असतो. तिथून बोला, नियम सांगत सुटू नका.

दुसरी, कायद्याची. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशाचा १९९४ मध्ये झाला. तपासणी करायला लावणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असंच न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. त्या नातेवाइकांत आजेसासूही येते. बैठकीत कोणी "कुठे करून मिळते" विचारलं तर हसून सोडून देऊ नका, तिथेच थांबवा.

तिसरी, कोकणाचा लाडका गैरसमज: "आमच्याकडे बायका जास्तच आहेत, आमच्यात असं होत नाही." २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. पण त्याचं मोठं कारण पुरुष मुंबईला असतात हे आहे. सहा वर्षांखालच्या मुलांचा आकडा बघा. तिथे मुली हजाराच्या खालीच आहेत.

नसबंदीचा विषय निघाला की आजोबा चिडतात.

चिडायला कारण आहे. आणीबाणीत, म्हणजे १९७५ ते ७७ च्या काळात, आज नव्वदीत असलेली माणसं चाळिशीत होती. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या कित्येक पगार, बदली, रेशन यांच्या धाकाने. "सरकारी माणूस घरी येऊन मुलांबद्दल बोलतो" हे दृश्य त्यांनी बघितलेलं आहे आणि तुम्ही वहीपेन घेऊन ओटीवर आलात की तेच डोळ्यांसमोर येतं. ओळखपत्र दाखवा, आकड्यांचं उद्दिष्ट नाही हे सांगा, आणि पहिल्या भेटीत आधार क्रमांक मागू नका.

हा राग दाबू नका, वापरा. "तेव्हा चुकलं काय नेमकं? ऑपरेशन, की जबरदस्ती?" सक्ती आणि संमती यांतला फरक याहून चांगला कुठे सापडणार? दापोलीजवळच्या मुरुडचे र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा समाजाने त्यांची टवाळी केली; अर्ध्या शतकाने तेच काम सरकार सक्तीने करायला निघालं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आजोबा स्वतःच तोलून बोलू लागतात.

टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी यांवर बोलायला कोणती उदाहरणं घ्यावीत?

त्यांच्या वयाची. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, हे बऱ्याच जणांना पेपरातून आठवतं. त्यापेक्षा जास्त बोलतं करणारी दोन प्रकरणं आहेत. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात सत्तरी ओलांडलेल्या बाईने अशाच उपचाराने जुळ्यांना जन्म दिला. "बरं केलं की वाईट?" एवढंच विचारा. पुढे सांगा की २०२१ च्या कायद्याने आता बाईला ५० आणि पुरुषाला ५५ ही वरची मर्यादा आहे, आणि दुसऱ्याच्या बीजापासून झालेलं मूलही कायद्याने त्या जोडप्याचंच.

दुसरं, ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मरण पावलेल्या अविवाहित मुलाचं गोठवलेलं वीर्य त्याच्या आई-वडिलांना द्यायला सांगितलं. मुलगा गमावलेली आजी गटात आहे का, हे आधी माहीत करून घ्या, मगच हे प्रकरण काढा.

सरोगसीत पैसे घेऊन पोट भाड्याने देणं २०२१ च्या कायद्याने बंद आहे. पोटात वाढवणारी बाई २५ ते ३५ वयाची, स्वतःचं मूल असलेली हवी, आणि आयुष्यात एकदाच. "बहिणीने बहिणीसाठी मूल दिलं" अशी उदाहरणं प्रत्येक भावकीत असतात. ते दत्तक आणि ही सरोगसी यांत काय वेगळं, हा प्रश्न त्यांच्यावर सोडा.

बोलता बोलता गुपित बाहेर आलं तर?

येतंच. कोणाचं मूल खरं कोणाचं, कोणाची बहीण "पडून गेली" असं का सांगितलं. वहीत लिहू नका, वंशवेलीत बदल करू नका, गटात असाल तर विषय वळवा. नंतर एकट्याने भेटून "ते मी लिहिलेलं नाही" एवढं सांगा. वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचं असेल, म्हणजे नातवंडांच्या आजारावर परिणाम करणारं, तर समुपदेशकाला कळवू का असं विचारा. नाही म्हटलं तर नाही. वाडीत एक वाक्य बाहेर गेलं की एखाद्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडते.

याच कारणाने "तुमच्या घराण्यात वेडाचं कोणी?" असा प्रश्न गटात कधीच विचारू नका.

आजीचीच आनुवंशिक चाचणी करावी का?

तिला स्वतःला आजार झालेला असेल तर उपयोग मोठा असतो. स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचा संशय घराण्यात असेल, तर निरोगी नातीआधी आजार झालेल्या व्यक्तीची चाचणी करणं योग्य. तिच्यात बदल सापडला की इतरांत नेमकं काय शोधायचं ते कळतं. पण निकाल आजीपेक्षा मुलींच्या आयुष्यावर जास्त पडतो. म्हणून निकाल कोणाला सांगायचा हे नमुना घेण्याआधी ठरवा, आणि ती निकालाआधी वारली तर कोणाला, हेही. हा प्रश्न विचारताना संकोचायचं कारण नाही. नव्वदीची माणसं मरणाबद्दल आपल्यापेक्षा मोकळेपणी बोलतात.

पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलच्या तपासणीबद्दल विचारतात. १ जुलै २०२३ ला सुरू झालेली राष्ट्रीय मोहीम ४० वर्षांपर्यंतच्यांसाठी आहे, म्हणून आजीला तपासणीचं कार्ड मिळत नाही याचं तिला वाईट वाटतं. तिला सांगा की कार्ड नातवंडांचं, पण ते लग्नाआधी बघायला लावायचं काम तिचं. पत्रिका बघणाऱ्याला कार्ड बघणं अवघड नाही.

रडू आलं तर थांबायचं का?

थांबा, पण उठू नका. साठ-सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या बाळाबद्दल तिला कदाचित पहिल्यांदाच कोणी विचारलेलं असतं. त्या बाळाचं नाव ठेवलं होतं का, एवढं विचारता येतं. "आता असता तर उपचार झाला असता" हे चुकूनही म्हणू नका. दिलासा म्हणून बोललेलं ते वाक्य तिच्यावर आरोप होऊन पडतं. निघण्याआधी घरातल्या एका माणसाला सांगा, दुसऱ्या दिवशी फोन करा. झोप-जेवण सुटलं तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ किंवा ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७.

मानधन द्यावं का?

प्रवासखर्च आणि खाणं द्या. रोख दिली तर ती कोणाच्या हातात जाते ते बघितलंत की उत्तर मिळेल.

काम संपल्यावर त्यांना परत काय द्यायचं?

वंशवेल. मोठ्या अक्षरात, जाड कागदावर, फक्त नावं आणि नाती. आजार, गर्भपात, नात्यातल्या लग्नाची दुहेरी रेघ यांतलं काहीही त्या प्रतीत नको, कारण ती भिंतीवर लागणार आणि सोयरिकीला आलेले पाहुणे ती वाचणार. आजाराच्या खुणांची प्रत वेगळी, बंद पाकिटात, आजी सांगेल त्याच्या हातात. दोन्ही लॅमिनेट करा. साध्या कागदाला पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरते.